तापवलेल्या कोब्याखालील उष्णतारोधन

अमेरिकेतील मिनेसोटा, कॅनडातील मॅनिटोबा अशा कडक थंडीच्या प्रदेशांतील वाहन धुलाई केंद्रांत सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून काँक्रीटच्या कोब्यात नळ्या पुरून गरम, ग्लायकॉल हे गोठणरोधक द्रव्य मिसळलेले पाणी फिरवतात. ही उष्णता जमिनीत जाऊ नये यासाठी कोबा व भराव यांच्यामध्ये घातलेला फोमचा थर म्हणजे हे उष्णतारोधन.

यासाठी मुख्यतः एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) हा बंद कप्प्यांचा प्लॅस्टिक फोम वापरतात. त्याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील डाऊ कंपनीचे रे मॅकइंटायर यांना (१९४१ च्या सुमारास) दिले जाते. परंतु स्वीडनच्या कार्ल मुंटर्स यांनी असा फोम त्याआधीच बनवला होता व डाऊने त्यांच्याकडून हक्क घेतले. तेव्हा मॅकइंटायर यांच्या कामास पुनर्शोध म्हणणे अधिक सयुक्तिक.

थर सर्वत्र हवा की फक्त कडेने, याबाबत मतभेद आहेत. एकदा तापलेली माती उष्णता धरून ठेवते, असा कडेपुरत्या थराच्या बाजूने युक्तिवाद केला जातो. तो कोरड्या जमिनीला लागू पडतो. कोरड्या वाळूची उष्णतासंवाहकता सुमारे ०.३ वॉट प्रतिमीटर-केल्विन, तर भिजलेल्या वाळूची २ च्या आसपास असते. आणि धुलाई केंद्रात सांध्यांतून पाणी झिरपतच असते, म्हणून येथे थर सर्वत्र हवा. एक्सपीएसची संवाहकता सुमारे ०.०३. त्यामुळे ५० मिमी थरातून २० अंशांच्या तापमानफरकाला प्रतिचौरसमीटर सुमारे १२ वॉटच खाली जातात. दार उघडताच निवालेला कोबा लवकर तापतो, हा आणखी एक लाभ. चंदेरी फुगेदार कागद मात्र येथे निरुपयोगी ठरतो, कारण परावर्तनाला लागणारी हवेची पोकळी काँक्रीटखाली उरत नाही.

फोमच्या दाबक्षमतेचा हिशेब करताना उत्पादकाच्या जाहीर आकड्याचा कायम भारासाठी एक तृतीयांश व चाकांच्या भारासाठी एक पंचमांश भाग धरतात. मोटारीच्या चाकाचा ५०० किग्रॅ भार १५० मिमी कोब्यातून पसरत जात असल्याने १७२ किलोपास्कलचा फोमही पुरतो. ट्रकसाठी २७६ किंवा ४१४ चा घेतात.

खडी दाबून सपाट केल्यावर २५ मिमीच्या दोन थरांतील सांधे एकावर एक न येऊ देता फोमचे पत्रे अंथरतात व सांध्यांना चिकटपट्टी लावतात. त्यावर ०.२५ मिमी पॉलिथीन, सळयांची जाळी व २०० ते ३०० मिमी अंतराने १२ मिमी पेक्स (प्लॅस्टिकची लवचीक) नळी येते. एका वेटोळ्याची लांबी ९० मीटरांच्या आत ठेवतात. काँक्रीट ओतताना नळीत सुमारे ७ बार दाब ठेवला, की फावड्याने पडलेले छिद्र त्याच क्षणी दाबमापकावर कळते. खडी ओबडधोबड असेल तर पत्रा पायाखाली डुलतो आणि पुढे कोबा तडकतो. सांधे मोकळे राहिल्यास ओले काँक्रीट खाली शिरून पत्रा उचलते. पेट्रोल व द्रावकांमुळे पॉलिस्टायरीन विरघळते, म्हणून वरचे पॉलिथीन फाटू देत नाहीत.

कडेचा उभा थर सर्वाधिक वगळला जातो व त्यामुळे दाराच्या उंबऱ्यापाशी बर्फाची पट्टी धरते. निचरा-खड्ड्याच्या भिंतींनाही बाहेरून फोम लावावा लागतो.