जाई की जुई? आधी पान बघा

जाई-जुई ही नावं आपल्या तोंडी जोडीनेच येतात, आणि रोपवाटिकेत एक मागितली की दुसरी हातात पडते. फूल नसताना खात्री करायची तर पान बघावं.

जाईच्या (जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम) पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, समोरासमोर जोड्या असतात आणि टोकाला एक. एकूण बहुधा 7 किंवा 9. टोकाची पर्णिका मोठी, आणि लगतची जोडी बऱ्याचदा बुडाशी तिला चिकटलेली. जुईचं (जॅस्मिनम ऑरिक्युलेटम) पान वरवर पाहता साधं, एकच वाटतं. नीट पाहिलं की देठावर दोन बाजूंना दोन इवल्या पर्णिका दिसतात, कानाच्या पाळ्यांसारख्या. काही पानांवर त्या नसतातच, म्हणून एका पानावर निकाल देऊ नये. चार-पाच पानं तपासावीत.

कळ्या आल्यावर प्रश्नच उरत नाही. जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी-जांभळी झाक असते. फूल मोठं, पाकळ्या बहुधा 5. जुईची कळी पांढरीशुभ्र, फुलं लहान, घोसात, पाकळ्या 5 ते 8.

सुगंधाच्या व्यापारात जगभर नाव झालं ते जाईचं. फ्रान्समधल्या ग्रास गावात तिचे मळे उभे राहिले. 1921 साली आलेल्या 'शनेल नं. 5' अत्तरात तिथलीच जाई आहे. खुडल्यावरही हे फूल गंध सोडत राहतं, म्हणून तिथे चरबी माखलेल्या काचेवर फुलं पसरत आणि चरबीत सुगंध मुरू देत. आपल्याकडे हेच काम तिळांनी केलं: तीळ आणि फुलांचे थर रचायचे, शिळी फुलं काढून ताजी घालायची, मग तीळ घाण्यात घालायचे. चमेलीचं तेल ते हेच. हिंदीतली चमेली म्हणजे आपली जाई. जुईचा गंध सौम्य. गजऱ्यात मात्र तीच जास्त खुलते, असं आमचं ठाम मत.

दोघींना फुलं येतात नव्या फुटीवर. छाटणी चुकवली की वेल नुसती वर पळते आणि खाली काड्या उरतात. जाई डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटावी, जुई जानेवारीच्या शेवटी. आधी काही दिवस पाणी तोडावं, मग जमिनीपासून 45 सेंमीवर कापून उरलेली पानं काढावीत आणि जमिनीतल्या प्रत्येक वेलीला 10 किलो कुजलेलं शेणखत द्यावं. मांडवावरच्या वेलीची मुख्य खोडं राखून फक्त बाजूचे फाटे आखूड करावेत. सावली किंवा जास्त युरिया असला की पानं भरपूर आणि कळ्या मोजक्याच.

जुईची फुलं हिरवी, पानांसारखी होऊ लागली तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्या एका सूक्ष्मजीवाचा, रोग. बुरशीनाशक इथे निरुपयोगी. वेल उपटून नष्ट करावी, तिची कलमं तर मुळीच करू नयेत. पानांवर पांढरट, नमद्यासारखी लव दिसली तर ते कोळी, म्हणजे रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड. तेवढे फाटे कापून जाळावेत आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावं. भर उन्हात पानं करपतात. कोळ्यांचा त्रास दरवर्षीचाच असेल तर तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा 'परी मुल्लई' हा जुईचा प्रतिकारक वाण लावावा.