आघातोत्तर डोकेदुखी (माजी सैनिकांमधील)

डोक्याला मार किंवा स्फोटाचा हादरा बसल्यावर सुरू होणारी डोकेदुखी. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांत ती मोठ्या प्रमाणावर दिसली. रस्त्यात पेरलेले घरगुती बनावटीचे बॉम्ब हे तिथे इजेचे प्रमुख कारण होते.

शुद्ध हरपली तरी ३० मिनिटांच्या आत परत आली, गोंधळ वा विस्मृती २४ तासांत ओसरली, तर इजा सौम्य धरतात. स्कॅन बहुधा निर्दोष येतो. पुढे त्रास किती होईल हे मात्र या निकषांवरून कळत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार दुखणे इजेनंतर ७ दिवसांत सुरू व्हावे लागते. ३ महिन्यांहून जास्त टिकले तर ते चिवट ठरते. रणांगणावर ७ दिवसांची अट अडचणीची आहे. हादरे अनेकदा बसतात, सगळ्यांची नोंद होत नाही, आणि तुकडी सोडावी लागेल म्हणून जवान सांगायचे टाळतात. त्यामुळे प्रत्येक स्फोटाबद्दल वेगळे विचारावे लागते.

दुखणे बहुतेक वेळा अर्धशिशीसारखे असते: ठसठस, मळमळ, उजेड-आवाज नकोसा. इराकहून परतलेल्या २,५२५ सैनिकांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आघातोत्तर तणाव (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि नैराश्य यांचा प्रभाव वजा केल्यावर सौम्य इजेशी जोडलेल्या बाकी शारीरिक तक्रारींचा संबंध पुसट झाला, डोकेदुखीचा राहिला. म्हणून 'सगळे मनाचे आहे' हे उत्तर चुकीचे. तणावाकडे दुर्लक्ष करणेही तितकेच चुकीचे, कारण तणावाने झोप मोडते आणि झोप मोडली की डोके दुखू शकते. सकाळी उठतानाच दुखत असेल आणि रुग्ण घोरत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अधूनमधून थांबण्याच्या विकाराची) तपासणी करावी.

उपचार सर्वाधिक बिघडतात ते गोळ्यांच्या अतिवापराने. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीवरील खास गोळ्या), अफूजन्य वा अनेक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून जास्त चालले की औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकते. प्रतिबंधासाठी अर्धशिशीचीच औषधे वापरतात. रात्रीच्या अल्प मात्रेतील अ‍ॅमिट्रिप्टिलीनने झोपही सुधारू शकते. टोपिरामेट या दुसऱ्या प्रतिबंधक औषधाने शब्द आठवेनासे होऊ शकतात. आधीच विसरभोळेपणाची तक्रार असलेल्याला ते देताना दोनदा विचार करावा. डोकेदुखीसाठी बेतलेल्या वर्तनोपचाराने दैनंदिन अडचण घटल्याचे २०२२ च्या चाचणीत दिसले.

अचानक उसळलेली असह्य कळ, फिट येणे, हातापायांतील अशक्तपणा किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे दिसल्यास तातडीने तपासणी हवी.

अमेरिकेत अपंगत्व भत्त्यासाठी अशी डोकेदुखी बहुधा अर्धशिशीच्या श्रेणीत मोजतात. तिची कमाल मर्यादा ५० टक्के आहे. अंथरूण धरायला लावणारे डोकेदुखीचे झटके किती वेळा येतात यावर टक्केवारी ठरते, त्यामुळे तारीख, कालावधी, घेतलेली गोळी आणि बुडालेले काम यांची रोजनिशी दाव्यासोबत जोडणे उपयोगी पडते.