पुरवठादाराच्या करारावर सही करण्याआधी
(आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी)

‘दुसऱ्याचा माल ठेवू नका’ असं मोठ्या पुरवठादाराच्या करारात सरळ लिहिलेलं क्वचितच सापडतं. ती अट बसलेली असते सवलतीच्या तक्त्यात आणि फ्रीजच्या पावतीत.

आधी तक्ता पाहा. समजा, वर्षाला १००० खोकी उचलली की पहिल्या खोक्यापासून ५ टक्के सूट आहे. ९९० वर थांबलात तर ९९० खोक्यांचे पैसे भरायचे. १००० घेतलीत तर ९५० चे. नव्या कंपनीने तिची १० खोकी फुकट दिली, तरी तुम्ही ४० खोक्यांच्या तोट्यात! वर्षअखेरीला गोदामं नको त्या मालाने भरतात ती यामुळे. सूट टप्प्याच्या पुढच्या मालावरच मागा. ती रास्त असते, कारण मोठी खेप पोचवायला खरोखर स्वस्त पडते.

फुकटच्या फ्रीजचं गणित जागेचं असतं. आयर्लंडमध्ये एचबी आइस्क्रीमचे फ्रीज ‘यात फक्त आमचाच माल’ या अटीवर दिले जात. लहान दुकानात दुसरा फ्रीज मावत नाही, म्हणजे दुसरा माल आपोआप बाद. युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये ही अट बेकायदा ठरवली आणि २००३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कोका-कोलानेही २००५ मध्ये युरोपात आयोगाला हमी दिली: दुकानात थंड पेयांसाठी तिचाच फ्रीज असेल, तर त्यातली २० टक्के जागा दुकानदाराची. तुम्हीही एवढी जागा लेखी मागा. फ्रीज परत केल्यावर सवलतही जाते का, हे विचाराच. उत्तर ‘हो’ असेल तर तो फ्रीज फुकटचा नाही.

आपला माल किती तापमानात ठेवावा, मुदत संपलेला कधी काढावा, हे पुरवठादाराने जरूर सांगावं. शेजारच्या फळीवर काय असावं, हे मात्र त्याने ठरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खपणाऱ्या मालासोबत न खपणारा गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग, हीसुद्धा त्याच फळीवरची घुसखोरी.

‘तो माल काढा, नाहीतर गाडी येणार नाही’ हे नेहमी तोंडीच सांगितलं जातं. म्हणून ऑर्डर फोनवर देऊ नका, मेसेजवर द्या. मागितलेली खोकी, आलेली खोकी आणि उधारीचे दिवस वहीत शेजारी शेजारी लिहा. दुसरा माल ठेवल्याच्या तारखेपासून आकडे घसरले, तर ते पान आमच्याकडे घेऊन या.