पाठवाऱ्याने विमान पडत नाही

मराठवाड्याच्या मोकळ्या रानात उन्हाळी दुपारी रिमोटचं विमान वळताना कोसळलं की म्हणतात, पाठीमागून वारा लागला आणि उचल गेली. हा समज जुना आहे, पण चुकीचा.

विमानाचा हवेतला वेग, म्हणजे भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, ताशी 40 किमी आणि वारा 15 असेल, तर जमिनीवरून समोरच्या वाऱ्यात 25 दिसतात, पाठवाऱ्यात 55. पंखांना मात्र दोन्हीकडे 40च मिळतात. 55 पाहून उडवणारा थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी करतो, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. त्यात उंची राखून वळताना 60 अंश कललं, तर पंखांवरचा भार दुप्पट आणि स्टॉलचा वेग 1.4 पट! थ्रॉटल कमी करू नका, कल 30 अंशांच्या आत ठेवा.

उतरताना मात्र सांभाळा: उसाच्या आडोशाला समोरचा वारा अचानक मंदावतो, तिथे हवेतला वेग खरोखर घटतो.