कॉम्प्युटर चालू होत नाही? नुसता एसएमपीएस काढून आणू नका

बटण दाबलं तरी काहीच होत नाही, म्हणून हल्ली बरेच ग्राहक व्हिडिओ बघून घरीच एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) तपासतात. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडायची आणि पंखा फिरतो का ते बघायचं. फिरला, तर नुसता मदरबोर्ड घेऊन दुकानात येतात. नाही फिरला, तर एसएमपीएस पिशवीत घालून आणतात आणि "असाच दुसरा द्या" म्हणतात. दोन्ही वेळा पुन्हा एक खेप पडण्याचीच शक्यता जास्त.

पंखा फिरवायला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून १२ व्होल्टच्या लाइनवर दहा-पंधरा अँपियर सहज ओढतात. कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकलेला एसएमपीएस मोकळा असताना झकास चालतो, मीटरवर १२ व्होल्टही दाखवतो, आणि लोड पडला की बसतो. उलट, काही नव्या मॉडेलमध्ये लोड कमी असेल तर पंखा मुद्दामच बंद ठेवलेला असतो, आणि काही जुने एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाहीत. शिवाय मदरबोर्ड शॉर्ट असेल तर चांगला एसएमपीएसही स्वतःला बंद करून घेतो. पंखा जरासा हलून थांबला की बहुतेक जण दोष एसएमपीएसवरच टाकतात. हल्ली काही एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या येतात, त्यात भलत्याच पिना जोडल्या गेल्या तर नवीनच काम निघतं.

आम्ही आधी जांभळी वायर बघतो. कॉम्प्युटर बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर हिरवी वायर जोडून काही उपयोग नाही. मग पिवळ्या वायरवर गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावून मीटर बघतो. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये, ५ ची ४.७५ च्या खाली. शेवटी तुमच्याच मदरबोर्डवर चालवून बघतो. याचे आम्ही २०० रुपये घेतो. "नुसतं मीटर लावायचे पैसे?" असं कुणी कुणी विचारतात. मीटर दोन मिनिटांत लागतो, पण काही दोष गरम झाल्यावरच दिसतात आणि त्यासाठी अर्धा तास लोडवर ठेवावा लागतो. नवा एसएमपीएस आमच्याकडून घेतलात तर हे पैसे बिलातून वजा होतात. नवा घेताना डब्यावरचे मोठे वॅट बघू नका, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत ते बघा. १६ असतील तर त्या लाइनवर १९२ वॅटच मिळतात.

येण्याआधी एवढं करून बघा. मागचा स्विच चालू आहे ना? कॉर्ड बदलून, एक्स्टेंशन बोर्डऐवजी थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. लाइट जाऊन आल्यावर अडकला असेल तर कॉर्ड काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, पाच मिनिटांनी परत लावा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

येताना कॅबिनेट आहे तसं, काहीही न काढता आणा, सोबत पॉवर कॉर्ड. मॉनिटर, कीबोर्ड, माउस नको. केबल सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर त्याच्याच केबल आणा. दुसऱ्या कंपनीची केबल त्यात बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असली तर हार्ड डिस्क जळते.