थोरली भरलेली, धाकटी रुसलेली

दोन आठवड्यांनी घरी परतलो तर इलेक्ट्रिक गाडी दारच उघडेना. दिवे नाहीत, स्क्रीन नाही, किल्लीला दाद नाही. फोनवरच्या ॲपमध्ये मात्र बॅटरी 80 टक्के दाखवत होती. अशा वेळी कुणाच्याही मनात येतं तेच माझ्या मनात आलं: बॅटरी गेली, आता खिसा रिकामा. बॅटरी गेली होती हे खरं, पण ती नव्हे, दुसरीच.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. तळाशी पसरलेली थोरली, अनेक गाड्यांत 300 ते 400 व्होल्टची. आणि कुठेतरी कोपऱ्यात धाकटी, 12 व्होल्टची, बहुतेक वेळा पेट्रोल गाडीत असते तशीच शिशाची. कुलपं, दिवे, वायपर, गाडीतले सगळे छोटे संगणक या धाकटीवर चालतात. आणि थोरलीला बाकीच्या गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड विजेचे स्विच, तेही तिच्याच जिवावर जुळतात. गाडी उभी असताना हे स्विच सुटे असतात, त्यामुळे थोरली सगळ्यांपासून तोडलेली राहते. अपघातात तेच हवं असतं.

स्टार्टचं बटण दाबल्यावर तळातून जी ‘टक्’ ऐकू येते ती या कॉन्टॅक्टरची. थोरली एकदम जोडली तर इन्व्हर्टरमधले, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या यंत्रातले, रिकामे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) एका क्षणात प्रचंड प्रवाह ओढतील आणि ठिणगीने स्विचची टोकं एकमेकांना वितळून चिकटतील. म्हणून आधी एका रोधातून हळूच वीज सोडतात, कपॅसिटर भरले की मग मुख्य जोडणी. हा सगळा सोहळा साधारण सेकंदभरात उरकतो. धाकटी उतरलेली असेल तर तो सुरूच होत नाही. थोरली भरल्या कोठारासारखी आत पडून राहते, पण दार उघडणारं कुणी नसतं.

गाडी चालू असताना किंवा चार्ज होताना डीसी-डीसी कन्व्हर्टर थोरलीतली वीज खाली उतरवून धाकटी भरत राहतो. उभ्या गाडीत हे काम काही मॉडेल अधूनमधून आपणहून करतात, काही करत नाहीत. माझ्या बाबतीत चूक माझीच होती. गाडी ठीक आहे ना, हे मी दिवसातून चार-पाचदा ॲपवर पाहत होतो आणि दर वेळी झोपलेली गाडी धाकटीच्या जिवावर जागी होत होती. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काही तास विसावल्यावर, मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 दाखवत असेल तर ती जवळपास रिती झाली समजा. दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावून, प्लस-मायनस नीट पाहून, तिला जागं केलं की पुढचं थोरली बघून घेते. गाडीला धक्का मारून मात्र काहीही होणार नाही.

थोरलीची काळजी घ्यायची ती घाईच्या चार्जिंगपेक्षाही उष्णतेची आणि शंभर टक्क्यांवर ताटकळत ठेवण्याची. थोरलीतल्या लिथियम-आयन सेलच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर जमत जातो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि तेवढी क्षमता घटते. उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत हा थर लवकर वाढतो. पण जसजसा तो जाड होतो तसतसा त्याचा वाढण्याचा वेगही मंदावतो. म्हणून पहिल्या वर्षी दिसलेली घट पाहून ‘असंच चाललं तर दहा वर्षांनी काय?’ हा हिशेब बहुतेकदा चुकतो. निसान लीफ 2010 मध्ये आली तेव्हा तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात काही मालकांना एक-दोन वर्षांतच क्षमता घटलेली दिसली.

लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीची तऱ्हा वेगळी. तिचा व्होल्टेज अर्ध्याहून अधिक वापर होईपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीलाच नीट कळत नाही. अंदाज हळूहळू भरकटतो आणि एखाद्या दिवशी 15 टक्के दाखवता दाखवता आकडा धाडकन खाली येतो. म्हणून अशा गाड्यांना ठरावीक दिवसांनी पूर्ण 100 टक्के चार्ज करायला सांगतात. शेजाऱ्याची गाडी 80 वर थांबते म्हणून आपणही थांबवू नका, आपल्या गाडीचं पुस्तक पाहा.

चार्जर लाल दिवा दाखवून हटून बसला तर त्याला शिव्या देण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. बरेच चार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंगची खात्री करतात. सॉकेट ढिला असेल तर वेगळंच संकट. 15 अँपिअर प्रवाह वाहताना जोडात फक्त 0.1 ओहम रोध असला तरी तिथे 22 वॉटहून जास्त उष्णता तयार होते, एखाद्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही आठ-आठ तास. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ब्रेकची गोष्ट उलटी आहे: ते वापराने नव्हे, रिकामे बसून बिघडतात. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच जनित्र होऊन करते आणि ती वीज बॅटरीत परत जाते (यालाच रीजन म्हणतात), म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण डिस्कवर गंज चढतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, अधूनमधून रीजन कमी करून ब्रेक जरा जोरात दाबावेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावंच लागतं. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजनला वीज ठेवायला जागा नसते. तेव्हा उतारावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही, तो बिघाड नव्हे.

टायरची हवा महिन्यातून एकदा पाहा. गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळे टायर लवकर झिजतात.

रस्त्यात गाडी बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू नका. बऱ्याच गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. चाकं फिरली की बंद गाडीतही मोटर वीज तयार करू लागते आणि ती इन्व्हर्टरवर जाऊन आदळते. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रक बोलवा, निदान मोटरला जोडलेली चाकं तरी जमिनीवर टेकू देऊ नका.