ग्रॅनोला बार: नावाचा घोळ आणि पाकाची गोष्ट

ओट्स, दाणे, मध एकत्र करून ट्रेमध्ये दाबायचं आणि ओव्हनला लावायचं, ग्रॅनोला बारचं हे आता बऱ्याच घरांत पाठ झालंय, त्यामुळे कृतीत शिरत नाही. खरा घोळ नावात आहे आणि त्याच्यापायी चांगला माल वाया जातो, म्हणून तेच आधी.

१८६३ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलला एका आरोग्यधामाच्या डॉक्टरांनी कोंड्यासकट गव्हाचं पीठ भिजवून, पातळ थापून भाजलं, मग फोडलं, परत भाजलं, अजून बारीक फोडलं. नाव ठेवलं ग्रॅन्युला. इतकं कडक की रात्रभर दुधात भिजत घातल्याशिवाय चावताच यायचं नाही. ओट्स नाहीत, मध नाही, सुकामेवा नाही. नंतर मिशिगनमध्ये बॅटल क्रीकच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी गहू, ओट आणि मक्याच्या पिठाचं तसंच काहीतरी केलं आणि नावही तेच लावलं, त्यावरून वाद झाला आणि ग्रॅन्युलाचं ग्रॅनोला झालं. म्हणजे हा शब्दच मुळात वाद मिटवायला इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून आलाय. त्यामुळे 'ओरिजिनल ग्रॅनोला रेसिपी' असं कोणी लिहिलं की मला ते पटतच नाही, ओरिजिनल तर कोणी खाणारही नाही आज!

त्यात म्यूस्लीची भर. ती १९०० च्या आसपासची, स्वित्झर्लंडची, भिजवलेले ओट्स आणि किसलेलं सफरचंद. म्यूस्ली कच्ची आणि ग्रॅनोला भाजलेला, एवढाच फरक लक्षात ठेवला तरी पुरे. आपल्याकडे दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी असतात, लोक म्यूस्ली आणतात, तीच मधात कालवून बेक करतात, मग आधीच मिसळलेले मनुके करपून कडू होतात आणि आतले ओट्स कच्चेच लागतात. ओट्स आधी नुसते भाजून घ्यायचे, मनुके शेवटी घालायचे.

आज आपण ओळखतो तो ओट्स-मध-तेलवाला ग्रॅनोला १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पी तरुणांमुळे वर आला. १९७२ पासून मोठ्या कंपन्या त्यात उतरल्या, १९७५ ला कुरकुरीत बार आला आणि ८० च्या दशकात मऊ, चिवट बार. आणि इथेच साखर वाढली, कारण सुट्टा ग्रॅनोला वाटीत चालतो पण बारला धरून ठेवायला पाक लागतोच लागतो.

हे आपल्याला नवीन नाही. पाण्यात पाकाचा थेंब टाकल्यावर मऊ गोळी वळली तर बार चिवट होतो, थेंब कडक होऊन कट्कन तुटला तर ती चिक्की. लोणावळ्याची चिक्की याच दुसऱ्या पाकावर उभी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी ओटीजी (घरगुती छोटे ओव्हन) सुरू झाले तेव्हा कितीतरी जणांनी मधाऐवजी गूळ घेतला, छानच लागतो. फक्त वड्या पाडताना चिक्कीची सवय आड येते. चिक्की गरम असतानाच कापावी लागते, बार मात्र गरम कापला की भुगा होतो. वाटीच्या बुडाने घट्ट दाबून, ट्रे पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच सुरी लावायची.